चार नंबरचं चाक

"उघडण्याआधी सांग, बंद कोण करणार?"

आत्याचा आवाज नेहमीसारखाच आठवणीतून कानाशी आला आणि भाचीने फळ्यावर टेकवलेला खडू तिथेच थांबवला. ओळीच्या शेवटी एक नाव लिहायचं राहून गेलं होतं. ते लिहिलं, दोन पावलं मागे सरून सगळी ओळ पुन्हा वाचली आणि मगच ती पुढच्या ओळीकडे वळली.

सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत तिच्याशिवाय कोणी नसायचं. खिडक्या उघडायच्या, आदल्या दिवशीचे कप विसळायचे, ओल्या फडक्याने फळा पुसायचा आणि प्रबंधाचं एक पान लिहायचं, हा तिचा चार वर्षांचा नेम. पान चांगलंच व्हावं असा हट्ट नव्हता. व्हावं, एवढाच होता. ताप आला, पाहुणे आले, दाढ दुखली तरी एक पान. दाढेच्या दिवशीचं पान तर नंतर सगळ्यात बरं निघालं.

ती काय करते हे कोणाला सांगायची वेळ आली की तिची तारांबळ उडायची. बाबा आपल्या ओळखीपाळखीत 'मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर भागवत. खरं तर ती एक नवी प्रोग्रॅमिंगची भाषा घडवत होती. यंत्रांना कामं सांगायच्या भाषा जगात ढिगाने होत्या. तिच्या भाषेचा हट्ट वेगळा होता. जे जे उघडायचं, मग ते दार असो, भट्टी असो की पाण्याचा व्हॉल्व्ह, त्याचा राखणदार आधी नावानिशी सांगायचा. जो ते बंद करणार, तो राखणदार. नाव नसेल तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राला समजावून देणारा प्रोग्रॅम, ती ओळ पुढे सरकूच द्यायचा नाही. शिवाय राखणदार एका वेळी एकच. घरात दोघी असल्या की दूध हमखास उतू जातं, कारण प्रत्येकीला वाटतं दुसरी बघते आहे. हे उदाहरण तिने प्रबंधात घातलं होतं. मार्गदर्शक मॅडमनी ते दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा हसून राहू दिलं.

या सगळ्यावर कळस म्हणून एक प्रमेय होतं: या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये उघडी वस्तू एक क्षणही राखणदाराविना राहत नाही. सिद्धता अकरा पानांची होती.

तिच्या मागच्या टेबलावर बसणारा संशोधक तिला झाकणबाई म्हणायचा. तो स्वतः प्रोग्रॅममधले कंस मोजण्यात इतका तरबेज होता की हजार ओळींत एखादा उघडा राहिलेला कंस त्याला दारातूनच दिसे. साहजिकच सगळे त्याला कंसमामा म्हणत. भाच्यांनी त्याच्यापासून जपून राहावं, असं तो स्वतःच नव्या विद्यार्थ्यांना बजावायचा.

"झाकणबाई, लावलंत का सगळं?" तो आत येता येता विचारायचा.

"तुझं तोंड सोडून सगळं," ती म्हणायची आणि दिवस सुरू व्हायचा.

समितीपुढचं सादरीकरण अठरा दिवसांवर आलं तेव्हा मॅडमनी तिला बोलावून घेतलं. प्रबंध त्यांनी मांडीवर उघडा धरला होता आणि चष्मा कपाळावर चढवला होता. ही भाषा तू, मी आणि कंसमामा सोडून आणखी कोणी लिहून पाहिली आहे का, असं त्यांनी विचारलं. कोणीच नाही. मग बाहेरचं एक माणूस आण, मॅडम म्हणाल्या, ज्याला कॉम्प्युटरचं काही सोयरसुतक नाही पण उघडझाप करण्यात ज्याचं आयुष्य गेलंय असं. असं माणूस कुठून आणायचं, याची फोड मॅडमनी केली नाही. तिला ती लागलीही नाही. ती राहतच होती त्या माणसाच्या घरात.

आत्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होती. एकतीस वर्षं सकाळी सहा ते दुपारी दोनची ड्युटी. या महिन्याच्या अखेरीला ती निवृत्त होणार होती. भाची लहान असताना तिचे आईबाबा दोघंही कामावर असत. शाळा बाराला सुटली की ती दप्तर घेऊन पंपघरात जाई आणि नोंदवहीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून राही. पंपांची एकसुरी घरघर, तेलाचा वास, गार फरशी आणि भिंतीलगत ओळीने उभी असलेली व्हॉल्व्हची लोखंडी चाकं. प्रत्येक चाक फिरवण्याआधी आत्या त्यावर तळवा टेकवून क्षणभर डोळे मिटायची, ओठ हलायचे, मग फिरवायला घ्यायची. पहिल्याच दिवशी कपाटाच्या कडीला हात घालताना तो प्रश्न कानावर आला होता. उघडण्याआधी सांग, बंद कोण करणार. सहा वर्षांच्या मुलीने 'मी' म्हटलं होतं, आणि कपाट बंद केल्यावरच तिला गोळी मिळाली होती.

एक गोष्ट मात्र तिथे पक्की होती. दोनला दहा मिनिटं कमी असताना तिने बाहेर जायचं. शिफ्ट बदलायची घंटा होताना बाहेरचं माणूस आत नको, असा पंपघराचा नियम होता, आणि सख्खी भाची झाली तरी बाहेरचीच. फाटकाशेजारी एक लोखंडी बाक होता. त्यावर बसून ती घंटा ऐकायची आणि थोड्या वेळाने आत्या पदराने हात पुसत बाहेर यायची. फक्त एका दिवशी आली नाही. दोन वाजले, तीन वाजले, उन्हं कलली. ती भुकेने रडकुंडीला आली होती. आत्या दिवेलागणीला बाहेर आली, तिला पोटाशी धरलं आणि एवढंच म्हणाली, "हात मोकळा नव्हता गं." ही काय सांगायची रीत झाली, असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि पुढेही बरीच वर्षं वाटत राहिलं.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून दोघी बसल्या. आत्याने चष्मा लावला, नोंदवहीचे जुने पाठकोरे कागद घेतले.

"मला जमेल का पण? मी आपली चाकं फिरवणारी."

"तुझ्याकडूनच तर उचललीय सगळी भाषा. तुला नाही जमली तर माझंच चुकलं म्हणायचं."

भाषेत शब्द मोजके होते. तिने ते कागदावर लिहून दिले, एकेकाचं उदाहरण दिलं. आत्याने ते एकदा मनाशी म्हटले आणि लिहायला लागली. आपल्या ड्युटीचं एका दिवसाचं काम, कुठलं चाक केव्हा उघडायचं, किती, बंद कोण करणार. वीस मिनिटांत चौदा ओळी झाल्या. अक्षर नोंदवहीतल्यासारखं सरळ, एकही खाडाखोड नाही. तिने त्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. पहिल्या दहा ओळी कंपायलरने मुकाट्याने मान्य केल्या, तशी आत्या खुर्चीत नीट सावरून बसली. अकराव्या ओळीवर तो अडला.

चार नंबरचं चाक. उघडणार आत्या, बंद करणार दुसरी शिफ्ट.

"इथे 'दे' लिहायचं," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या शिफ्टच्या ओळीत 'घे'. तू दिलंस, तिने घेतलं, झालं."

आत्याने पेन उचललं, पण लिहिलं नाही.

"मी दिलं. तिने अजून घेतलं नाही. तेवढ्यात चाक कोणाकडे?"

"लगेच घेते गं ती. क्षणाचं अंतर."

"क्षणभर का होईना, कोणाकडे?"

तिने पडद्यावरची अकरावी ओळ पुन्हा वाचली.

"कोणाकडेच नाही," ती सावकाश म्हणाली.

"मग आमचं चार नंबर तू ओळखलंच नाहीस." आत्याने चष्मा काढला आणि समजूत घालावी तसं सांगू लागली. चार नंबरचे आटे जुने, झिजलेले. वरच्या टाकीची वेळ सांभाळायची तर ते पावणेदोनला उघडायला घ्यावं लागतं आणि सव्वादोनपर्यंत हळूहळू उघडत न्यावं लागतं. म्हणजे घंटा होते तेव्हा ते नेमकं अर्ध्यावर असतं. घंटा झाली की पुढे फिरवायचं ते दुसऱ्या शिफ्टनेच, असा नियम. अर्ध्यावर असताना हात सुटला की पाण्याच्या जोराने ते गरागरा उलटं फिरतं आणि सगळी पाइपलाइन दणका खाते. "आमच्याकडे क्षणभर म्हणजे फार झालं, बाळ."

तिने लॅपटॉपवर सिद्धतेचं सहावं पान काढलं. मधोमध तिनेच लिहिलेलं वाक्य होतं: 'देणे आणि घेणे यांत खंड पडत नाही, हे सहज दिसून येते.' कागदावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले की खंड दिसत नाही, हे खरंच होतं. पण दोन वेगळ्या यंत्रांवर, दोन वेगळ्या हातांत तो पडणारच होता. उघडणं तिने पाहिलं होतं, मिटणं पाहिलं होतं. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मात्र ती दरवेळी बाहेर बाकावर बसलेली होती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. जिथे जिथे 'सहज दिसतं' असं लिहिलंय तिथे चष्मा लावून बघायचं असतं, आणि इथे मीही लावला नव्हता, असं म्हणून निम्मा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. मग एक वाटही सुचवली. 'दे' आणि 'घे' हे शब्दच काढून टाक. ही भाषा एका शिफ्टपुरती आहे असं प्रामाणिकपणे लिही. प्रमेय वाचेल, प्रबंध होईल.

"होईल," ती म्हणाली. "पण आत्याचं पान चालणार नाही."

"नाही चालणार," मॅडम म्हणाल्या. "आठवडाभर बघ. नाहीच जमलं तर शब्द काढ. शब्द काढण्यात कमीपणा नाही."

तो आठवडा भरभर उलटत गेला. कंसमामाने आपलं काम बाजूला ठेवून फळ्याचा अर्धा भाग ताब्यात घेतला. आधी घेऊ दे, मग देऊ दे, असं त्याने करून पाहिलं; तर मधल्या क्षणी राखणदार दोन झाले आणि दोघंही चाक आपापल्या दिशेला फिरवू लागले. मध्ये तिसरा राखणदार उभा केला. तर त्याच्या हातात देताना तोच खंड पडला. दोघांच्या मध्ये कुलूप घातलं. तर किल्ली कोणाकडे, यावर गाडी अडली. रोजचं पान ती लिहीतच होती, पण त्यात आता खोडलेल्या ओळीच जास्त होत्या. शुक्रवारी ती आपल्याच अक्षराकडे बघत बसली आणि शब्द काढून टाकलेला प्रबंध कसा दिसेल याचा अंदाज घेऊन पाहिला. दिसायला नीटनेटकाच दिसत होता. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

शनिवारी इमारतीची टाकी धुवायला काढली होती. पाणी खालच्या नळावरून आणायचं होतं. आत्या नळाशी, ती दारात. पाच बादल्या झाल्या. सहावी काठोकाठ भरलेली होती. आत्या उंबऱ्याबाहेर उभी राहून ती पुढे करत होती. भाचीच्या डोक्यात फळा होता. तिने कडी धरली आणि वळून चालायलाच लागली. आत्याचा हात अजून कडीवर होता. बादली दोघींच्या मध्ये हेलकावली आणि अर्धी तिच्या पायांवर आली.

"अगं, दोघींचा हात असताना पाऊल उचलायचं नसतं," आत्या म्हणाली. "मी सोडलं का अजून? आधी धरलं म्हणून सांगावं, मी सोडू का विचारते, सोड म्हणालीस की मग चालावं. साधी बादली द्यायची तरी ही रीत. चाकाला तर..."

आत्या बोलायची थांबली, कारण भाची ओल्या पायांनी दारात तशीच उभी राहून हसत होती. आधी हळू, मग मोठ्याने, मग भिंतीला टेकून.

"काय झालं? पाय मुरगळला का?"

"आत्या, परत दे."

"काय?"

"बादली. परत घे आणि परत दे. चाक देता तशी."

आत्याने तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं, मग बादली घेतली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तिने कडी धरली.

"धरलं?" आत्याने विचारलं. हा आवाज घरातला नव्हता, पंपघरातला होता.

"धरलं."

आत्या लगेच सोडत नव्हती. बोटांनी वजन चाचपत होती. दोघीही हलल्या नाहीत. बादलीतलं पाणी थरथरून स्थिर झालं.

"सोडू?"

"सोड."

पाच वेळा बादली इकडून तिकडे गेली. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दार किलकिलं करून पाहून गेल्या. शेवटी आत्या म्हणाली की हे पाणी भांड्यांना आहे, खेळायला नाही, आणि भाची ओल्या हातांनीच पाठकोरा कागद शोधायला आत धावली.

मधल्या क्षणी राखणदार दोन असायला हरकत नव्हती. त्या क्षणी फिरवायचं कोणीच नाही, फक्त धरायचं, एवढी एकच अट होती. दोन शब्दांच्या जागी चार शब्द. 'एका वेळी एकच' हा नियम तिने इतक्या प्रेमाने जपला होता की त्याला हात लावायचा विचारही तिच्या मनाला शिवला नव्हता.

अकरा पानांची सिद्धता अडीच पानांची झाली. सोमवारी तिने ती कंसमामापुढे ठेवली. त्याने बाह्या सरसावल्या आणि दोन दिवस ती मोडायचा प्रयत्न केला. बुधवारी दुपारी तो खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "झाकणबाई, फटच नाही हो." त्याने काही मोडायला घेतलं आणि मोडलं नाही, असं प्रयोगशाळेत पहिल्यांदाच घडत होतं. मॅडमनी पानं वाचली, चष्मा लावून वाचली, आणि समासात फक्त एक बारीक बरोबरची खूण केली. त्या दिवशी ती दुपारभर ती खूण मधून मधून उघडून बघत होती.

संध्याकाळी आत्याचं पान पुन्हा चालवलं. चौदाच्या चौदा ओळी, एक शब्द न बदलता. 'दुसरी शिफ्ट' म्हटलं की चार शब्दांची देवघेव आता भाषा स्वतःच करत होती. एका लॅपटॉपवर पहिली शिफ्ट, शेजारी कंसमामाकडून मागून आणलेल्या लॅपटॉपवर दुसरी. अकराव्या ओळीशी दुसऱ्या पडद्यावर अक्षरं उमटली: धरलं? आणि पुढे काही न होता तो थांबून राहिला.

"अडला का?" आत्याने विचारलं.

"नाही. तुझी वाट बघतोय."

आत्याने एका बोटाने, अक्षर अक्षर शोधून, 'धरलं' लिहिलं. सोडू? असा प्रश्न आला. 'सोड' लिहिलं. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. आत्याने लॅपटॉपच्या कडेवर तळवा टेकवला, चाकावर टेकवते तसा.

"रीतसर विचारतोय की," ती म्हणाली. थोड्या वेळाने चष्मा पुसत म्हणाली, "तीस तारखेला माझी शेवटची ड्युटी. तू आत ये. घंटेच्या वेळी. फोरमनला मी विचारते, एवढं ऐकेल तो माझं. इतकी वर्षं तुला बाहेर बसवलं, तेवढं एकदा बघ."

"येईन."

तीन दिवसांनी मॅडमचा निरोप आला. बाहेरगावचे परीक्षक ठरल्या दिवशी येऊ शकत नव्हते, म्हणून सादरीकरण पुढे ढकललं होतं. तीस तारीख, सकाळी अकरा. आत्याला सांगितलं तर तिने विषयच संपवला. तुझी परीक्षा मोठी, माझं काय, एक घंटा वाजणार, एवढंच. भाचीने भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हटलं, "येईन म्हटलंय ना."

तीस तारखेला परीक्षक चाळीस मिनिटं उशिरा आले. वयस्कर, उंच, कमी बोलणारे. यांचं नुसतं नाव ऐकून विद्यार्थी तारीख बदलून घेतात, असं कंसमामाने तिला धीर देण्यासाठी सांगितलं होतं. तिने भाषा मांडली, प्रमेय मांडलं, आधीची चूक कुठे होती तेही लपवलं नाही. आत्याचं पान पडद्यावर आलं तेव्हा परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी सिद्धतेच्या दुसऱ्या पानावर तिला अर्धा तास घोळवलं. ती पुरून उरली. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते.

"एक विचारतो," परीक्षक म्हणाले. "पहिला धरून उभा आहे. दुसरा आलाच नाही. तुमची भाषा काय करते?"

"पहिला सोडत नाही, सर."

"किती वेळ?"

"दुसरा येईपर्यंत."

"आणि त्याची घरी कोणी वाट बघत असेल तर?"

हे त्यांनी गमतीनेच विचारलं होतं. खोलीत दोघंचौघं हसलेही. तिने उत्तराला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. तिच्या डोळ्यांपुढे फाटकाशेजारचा बाक आला, कललेली उन्हं आली, रडकुंडीला आलेली एक मुलगी आली. आणि भिंतीपलीकडे, तिला कधीच न दिसलेल्या जागी, चार नंबरच्या अर्ध्या उघड्या चाकावर दोन हात.

"वाट बघणाऱ्याला ते उशिरा कळतं, सर," ती म्हणाली. "पण चाक सुटत नाही."

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि मग अगदीच अनपेक्षितपणे विचारलं की त्या पानाची एक प्रत मिळेल का, त्या अक्षरातली.

समितीला विचारविनिमय करायचा होता. रिवाजाप्रमाणे तिने बाहेर थांबायचं होतं. आत बोलावतील तेव्हा सह्यांसाठी प्रबंधाची बांधीव प्रत घेऊन जायची. अर्धा तास लागेल, कदाचित तास, मॅडम दारापर्यंत येऊन हळूच म्हणाल्या आणि आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा बघून आत गेल्या. दार लागलं.

व्हरांड्यात एक बाक होता. ती त्यावर बसली. प्रबंध मांडीवर होता. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. बसने वीस मिनिटं, पुढे चालत दहा. कंसमामा समोरच्या भिंतीला टेकून नखं खात होता.

एक वाजून दहा मिनिटांनी ती उठली.

"कुठे?" कंसमामाने विचारलं.

"दोनला घंटा आहे."

"आज? आत्ता? आणि त्यांनी बोलावलं तर?"

तिने प्रबंध दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. त्याने काही न कळून तो पकडला. तिने हात काढला नाही.

"धरलं?" तिने विचारलं.

कंसमामाने तिच्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. मग भिंतीचा टेकू सोडून तो नीट उभा राहिला आणि प्रबंधाखाली दुसराही हात घातला.

"धरलं."

दोघं तसेच उभे राहिले, न हलता. तिने बोटांनी वजन चाचपून पाहिलं.

"सोडू?"

"सोड."

तिने हात काढून घेतला. पिशवीत आत्याचं पान आहे ना, एवढं चाचपलं. आतून परीक्षकांच्या मोकळ्या हसण्याचा आवाज आला, पाठोपाठ खुर्च्या सरकल्या. कंसमामाने दाराकडे मान वळवली. तोवर ती जिन्याच्या पायऱ्या उतरू लागली होती.